जुनी वस्तू आणि घेणाऱ्याचा हक्क
(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनात बोलावयाचे म्हणजे शिक्षण, विवाहातील खर्च अथवा समाजाची एकजूट यांपैकी एखादा विषय घ्यावयाचा, असा आपल्याकडे परिपाठ पडून गेला आहे. ते विषय थोर आहेत यांत शंका नाही. परंतु यंदा चिटणीसांनी आम्हांस बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही मुद्दामच स्वयंपाकघरातला एक साधा विषय निवडला. वापरलेली, म्हणजे बोलीत ज्यास आपण ‘सेकंडहँड’ म्हणतो अशी, विजेची वस्तू विकत घ्यावी आणि घरी आणल्यावर ती सदोष निघावी, अशा वेळी घेणाऱ्यास काही हक्क असतो किंवा नाही, हा तो विषय होय. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य गेले फळ्यापुढे. वकिलीशी आमचा संबंध नाही. तेव्हा कायदा जसा वाचून उमगला तसा, शाळेतल्या धड्याप्रमाणे, आपणांपुढे मांडीत आहोत.

हा विषय आपल्याच भागात विशेष अगत्याचा का, ते प्रथम सांगतो. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक लागतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. रिकाम्या हातांनी आलेल्या त्या मंडळींनी मोडकी वस्तू दुरुस्त करून, जुन्यास नवे रूप देऊन, कष्टाने बाजारपेठ उभी केली. अंबरनाथ कारखान्यांमुळे वाढले. बदलापुरात तर गेल्या काही वर्षांत मुंबईतील जागेचे भाव न परवडणारी किती कुटुंबे येऊन राहिली, ते सकाळच्या लोकलची गर्दीच सांगते. अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याच्या खोलीत राहणारा नवा संसार नव्या फ्रिजसाठी पंचवीस हजार कोठून आणणार? तो सहा-सात हजारांचा जुना फ्रिज घेतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. चालती वस्तू भंगारात जाण्याऐवजी दुसऱ्या घरी उपयोगी पडते, ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न आहे तो एवढाच की, ज्याच्याजवळ सात हजारच आहेत त्याचे ते सात हजार बुडाले, तर त्याने काय करावे?

बहुतेकांच्या मनात याचे एक उत्तर ठाम बसलेले आहे. ‘अहो, जुनीच वस्तू ती; जुन्याची कसली आली आहे गॅरंटी?’ दुकानदार हे म्हणतो ते समजू शकते. परंतु घेणाराही मान खाली घालून तेच म्हणतो. आमचे आजचे सांगणे मुख्यतः या समजुतीविरुद्ध आहे.

आपल्या देशात ग्राहक संरक्षणाचा पहिला स्वतंत्र कायदा १९८६ साली झाला. त्याच्या आधी महाराष्ट्रात लोकांनी चळवळ करून वाट तयार केली होती. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायत सुरू झाली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. पुढे १९८६च्या कायद्याची जागा २०१९च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने घेतली आणि तो जुलै २०२० पासून अमलात आला. या कायद्यात ‘वस्तू’ या शब्दाचा अर्थ सर्व प्रकारची जंगम मालमत्ता असा दिला आहे. त्यात नवी आणि जुनी असा भेद केलेला नाही. जो मोबदला देऊन वस्तू विकत घेतो तो ग्राहक. मग ती वस्तू त्या दिवशी कारखान्यातून आलेली असो वा दहा वर्षे वापरलेली असो. पुन्हा विकण्यासाठी अथवा मोठ्या व्यापारासाठी घेणारा यातून वगळला आहे. परंतु केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेणारा ग्राहकच राहतो. घरी पापड-पीठ करून विकणारी भगिनी किंवा एका शिलाई मशीनवर संसार चालविणारा शिंपी यांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे.

आता ‘दोष’ कशास म्हणावे? कायदा म्हणतो की, कायद्याने, करारातील उघड वा गर्भित शर्तीने, अथवा विक्रेत्याने केलेल्या कोणत्याही दाव्याप्रमाणे वस्तूचा जो दर्जा असावयास हवा, त्यात उणीव असणे म्हणजे दोष. ही व्याख्या जुन्या वस्तूच्या बाबतीत फार न्याय्य आहे. सात हजारांच्या फ्रिजने नव्यासारखे चकाकावे, वीज कमी खावी, अशी अपेक्षा कोणी धरू नये. त्याच्या अंगावर पोचा असेल, एखादी जाळी नसेल, रंग उडाला असेल, तर ते किमतीतच आले. परंतु फ्रिज म्हणून विकलेल्या वस्तूने अन्न थंड ठेवावे, ही अपेक्षा त्या किमतीतही गृहीत आहेच. आणि दुकानदार ‘कॉम्प्रेसर अस्सल आहे, दोन वर्षे बघावे लागणार नाही’ असे म्हणाला असेल, तर ते त्याचे बोलणे हाच त्या वस्तूचा दर्जा ठरतो.

याहून जुना कायदा १९३०चा माल विक्री अधिनियम. त्याच्या सोळाव्या कलमात शतकानुशतकांच्या व्यापाराचे शहाणपण आहे. मूळ नियम असा की, घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे. परंतु तशा मालाचा धंदा करणाऱ्याकडून, त्याच्या जाणतेपणावर विसंबून, आपले प्रयोजन सांगून वस्तू घेतली, तर ती त्या प्रयोजनास योग्य असली पाहिजे. घेणाऱ्याने वस्तू पाहून घेतली असेल, तर पाहण्याने जो दोष दिसावयास हवा होता, त्याबद्दल मालाच्या सर्वसाधारण दर्जाची तक्रार मागाहून चालत नाही. म्हणजे उघडा दोष घेणाऱ्याच्या पदरी पडतो. पण जो दोष साध्या तपासणीत दिसणेच शक्य नव्हते, त्यास ‘तुम्ही बघूनच घेतलेत ना?’ हे उत्तर पुरे पडत नाही.

या भेदाचे एक उदाहरण फ्रिजचेच घेऊ. ‘गॅस संपला’ असे आपण म्हणतो. पण फ्रिजमधील गॅस हा रॉकेलप्रमाणे जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. आता एखाद्याने ती गळती न बुजविता नुसता गॅस भरून फ्रिज दुकानात मांडला, तर तो उत्तम थंड होईल, बर्फही धरील. आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा कोमट पडेल. दुकानात अर्धा तास उभे राहून हा दोष कोणास दिसणार? हाच खरा गुप्त दोष, आणि अशाच दोषासाठी कायद्याचा आधार आहे.

आमच्या परिचयाच्या दोन घरांतील हकिकती सांगतो. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. अंबरनाथच्या एका भगिनीने इडलीच्या पिठाच्या घरगुती धंद्यासाठी साडेसात हजारांस जुना फ्रिज घेतला. महिना झाला नाही तोच पीठ आंबून वाया जाऊ लागले. त्या दुकानात गेल्या. हातातील चिठ्ठीवर ‘एक फ्रिज, ७५०० रु.’ इतकेच, दुकानाचे नाव नाही, तारीख नाही, नंबर नाही. ‘हा आमच्याकडचा कशावरून?’ या प्रश्नास त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. दोन महिन्यांची कमाई गेली आणि वर भंगारवाल्याची मनधरणी करावी लागली. दुसरे गृहस्थ बदलापूरचे. त्यांचेही धुलाईचे यंत्र पंधरा दिवसांत बंद पडले. परंतु त्यांच्या बिलावर यंत्राचा नंबर आणि ‘तीन महिन्यांत बिघडल्यास दुरुस्ती आमची’ हे शब्द विक्रेत्याच्या सहीने होते. त्यांनी नोंदणीकृत टपालाने एक पत्र धाडले, आणि आठवड्याच्या आत कारागीर घरी आला. कायदा दोघांनाही एकच होता. एकाच्या हाती त्याचा पुरावा होता, दुसरीच्या हाती नव्हता.

म्हणून आमचा पहिला आग्रह पावतीचा आहे. बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. दुरुस्त केलेली अथवा वापरलेली वस्तू नवी म्हणून विकणे हीसुद्धा तशीच. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, हीही त्याच यादीत आहे. तेव्हा ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे छापील वाक्य वाचून कोणी हातपाय गाळू नयेत. मात्र ‘जशी आहे तशी, दोषांसह विकली’ असे स्पष्ट लिहून घेऊन त्यावर आपण सही केली असेल, तर आपला हक्क बराच आखडतो. सही करण्याआधी वाचावे. माहीत असलेला दोष खोटे बोलून लपविला असेल, तर मात्र असल्या सहीने विक्रेत्याची सुटका होत नाही.

पावतीवर काय असावे? दुकानाचे नाव व पत्ता, तारीख, किंमत, वस्तूची बनावट, तिच्या पाठीमागील पट्टीवरील मॉडेल व अनुक्रमांक, आणि विक्रेत्याने तोंडी दिलेले वचन त्याच्याच शब्दांत. पैसे शक्यतो दुकानाच्या खात्यावर भ्रमणध्वनीतून भरावेत, म्हणजे भरणा केल्याची खूण राहते. जाहिरात पाहून वस्तू घेतली असेल, तर त्या जाहिरातीचे चित्र जपून ठेवावे. अनुक्रमांक लिहून घेण्याचा आणखी एक लाभ आहे. उद्या ती वस्तू चोरीची निघाली, तर आपण ती कोणाकडून व केव्हा घेतली हे सांगता येते. कारण चोराकडून घेतलेल्या वस्तूची मालकी, पैसे मोजले तरी, आपणांस मिळत नाही.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. जुन्या यंत्राच्या आतील तारांचे आवरण झिजलेले असते आणि पुष्कळदा तीन पायांचा प्लग काढून दोन पायांचा लावलेला असतो. तिसरा पाय अर्थिंगचा. तो नसला म्हणजे यंत्राच्या पत्र्यात उतरलेली वीज ओल्या हाताने शिवणाऱ्याच्या अंगातून जाते. धुलाईचे यंत्र तर न्हाणीघरातच असावयाचे. आपला भाग उल्हास नदीच्या काठचा. २००५च्या जुलैत आणि पुन्हा २०१९च्या जुलैत बदलापूर परिसरात पाणी कसे चढले, ते आपण पाहिले आहे. त्या दुसऱ्या खेपेस महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकून हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. पुरात बुडालेले यंत्र वाळवून, पुसून चालू होऊ शकते. आतील गंज दिसत नाही. म्हणून पावसाळ्यानंतर जुने यंत्र घेताना ‘पाण्यात भिजलेले नाही’ हे वाक्य पावतीवर मागून घ्यावे आणि माहीतगार वायरमनकडून अर्थिंग तपासल्याखेरीज ते वापरू नये. विक्रेत्याने यंत्रात फेरबदल केला आणि त्यामुळे कोणास इजा झाली, तर २०१९च्या कायद्याने भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. पण गेलेला जीव भरपाईने येत नाही.

वस्तू बिघडली, आता पुढे काय? प्रथम ती वापरणे थांबवावे आणि भलत्याकडून उघडू नये. नाहीतर ‘तुमच्याच मिस्त्रीने बिघडविली’ असे उत्तर मिळते. जाणत्या कारागिराकडून दोष काय व तो केव्हापासूनचा, हे लिहून घ्यावे. मग दुकानदारास शांतपणे भेटावे. तो न ऐकल्यास दुरुस्ती, बदली की पैसे परत, यांपैकी काय हवे ते स्पष्ट लिहून, पंधरा दिवसांची मुदत देऊन, नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवावे. रागाचे शब्द त्यात नसावेत, तारखा असाव्यात. त्यानेही भागले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पुष्कळ तक्रारी येथपर्यंतच मिटतात, आणि मिटविलेली तक्रार ही जिंकलेल्या खटल्याहून स्वस्त पडते.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. आपली तिन्ही गावे ठाणे जिल्ह्यात येतात. तक्रारदार जेथे राहतो अथवा काम करतो, तेथील आयोगाकडे तक्रार करण्याची सोय २०१९च्या कायद्याने दिली. विक्रेता दूरचा असला तरी अडत नाही. वस्तूची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. तक्रार संगणकावरूनही दाखल करता येते. त्यासाठी २०२५च्या आरंभी ‘ई-जागृती’ ही सरकारी सोय सुरू झाली. दोष निघाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे. आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा व नुकसानभरपाईचा हुकूम देऊ शकतो. आवश्यक तर वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवितो. तीन महिन्यांत, आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाल देण्याचा यत्न व्हावा असे कायदा म्हणतो. व्यवहारात याहून अधिक काळ जातो, हे लपवून आपणांस भलती आशा दाखविणे आम्हांस योग्य वाटत नाही. म्हणूनच पत्र आणि तडजोड यांवर आम्ही आधी भर दिला. परंतु मागे आयोगाचा दरवाजा उघडा आहे, हे दुकानदारास ठाऊक असले म्हणजे पत्रासही वजन येते.

एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. हे सारे धंदा करणाऱ्या विक्रेत्याविषयी झाले. शेजाऱ्याने बदली झाल्यामुळे घरचा फ्रिज विकला, तर तो व्यापारी नव्हे; त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगाचा मार्ग धरणे कठीण. तेथे १८७२चा करार अधिनियम आणि दिवाणी न्यायालय. त्याने खोटे सांगून फसविले असेल तर करार रद्द करता येतो. नुसता गप्प बसला असेल तर सहसा नाही. म्हणून घरगुती विक्रेत्यास थेट प्रश्न विचारावेत: केव्हा घेतला, किती वेळा दुरुस्त केला, का विकता? प्रश्नाला दिलेले खोटे उत्तर ही फसवणूक होऊ शकते; न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नसते.

जगातही विचार याच दिशेने चालला आहे. १५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ग्राहकाचे सुरक्षिततेचे, माहितीचे, निवडीचे व गाऱ्हाणे ऐकले जाण्याचे हक्क मांडले. इंग्लंडच्या २०१५च्या कायद्यात दुकानदाराकडून घेतलेली जुनी वस्तूही सदोष निघाल्यास ती तीस दिवसांत परत करून पैसे मागता येतात. मात्र दर्जा ठरविताना तिचे वय व किंमत पाहिली जाते.

आता जे आपल्या सभेतच बोलता येईल ते बोलतो. आपल्यापैकी कित्येकजण वस्तू घेतात ती ओळखीच्या, बहुधा ज्ञातीतल्याच दुकानदाराकडून. तेथे पावती मागण्याचा संकोच होतो. ‘काका, तुम्ही काय परके आहात का?’ असे तो म्हणतो आणि आपण खिशातला हात तसाच बाहेर काढतो. परंतु बंधूंनो, आम्ही असे पाहिले आहे की, पावती नसल्यामुळे जितकी नाती तुटतात तितकी पावतीमुळे तुटत नाहीत. कागद नसला म्हणजे एक म्हणतो ‘तुम्ही बोलला होतात’, दुसरा म्हणतो ‘मी बोललोच नाही’, आणि एका फ्रिजपायी दोन घरांतील लग्नकार्यास जाणे-येणे बंद होते. कागद हा अविश्वासाचा नव्हे, स्मरणाचा आहे. आपल्यातील दुकानदार बंधूंनी तर न मागता पक्के बिल द्यावे. गळती बुजविली नसेल तर तसे सांगून पाचशे रुपये कमी घ्यावेत. त्याने गिऱ्हाईक तुटत नाही, जोडले जाते.

आणि आपण घरातली जुनी वस्तू विकतो तेव्हा आपणही विक्रेतेच असतो. कायदा तेथे आपणांस बोलावयास भाग पाडीत नाही, हे खरे. परंतु घेणारी बहुधा आपल्याहून गरीब असते. मोलकरीण, वॉचमन, नवा भाडेकरू. शॉक देणारा मिक्सर ‘चालू आहे’ म्हणून तिच्या हाती देणे हे कोणत्या न्यायात बसते, याचे उत्तर कलमात शोधू नये.

आमची एक लहानशी सूचना आहे. आपल्या सभेने मराठीत छापलेला विक्रीपावतीचा एक नमुना तयार करावा. वस्तूचे नाव, अनुक्रमांक, किंमत, माहीत असलेले दोष, दिलेले वचन व मुदत, दोघांच्या सह्या, एवढेच रकाने पुरेत. तो या स्मरणिकेसोबत घरोघर जावा आणि कार्यालयात विनामूल्य मिळावा. तसेच पत्र लिहिता न येणाऱ्यांसाठी रविवारी सकाळी तासभर कोणी बसावे. ते काम आम्ही आनंदाने पत्करू. निबंध तपासण्यात जन्म गेला, तक्रारीचे पत्र तपासणे आम्हांस अवघड नाही.